पायथा ते माथा

आमच्या घरात एकूण १९ चादरी आहेत आणि त्यांतली एकही जादा नाही. या वाक्याचा पहिला भाग मी मोजून सांगतो आहे. दुसरा भाग सौ.ने न मोजता सांगितलेला आहे आणि घरात तोच ग्राह्य धरला जातो. पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून चिकटून उपअभियंता म्हणून बाहेर पडलेल्या माणसाला मोजण्याची खोड असते. धरणात किती आलं, कालव्यात किती सोडलं, वाटेत किती मुरलं, हे मी ३३ वर्षं मोजलं. पण कागदावर शिल्लक दिसणारं पाणी आधीच कुणाच्या तरी नावावर चढलेलं असतं, हे मला खरं कळलं ते निवृत्तीनंतर, चादरींची गोधडी शिवायला घेतली तेव्हा.

या उद्योगाचा उगम ओहायोत आहे. आमची मुलगी तिथे असते. तिथल्या बायकांच्या मंडळात जाऊन ती क्विल्टिंग शिकली आणि एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने आपली पहिली क्विल्ट, म्हणजे गोधडी, दाखवली. कोऱ्या करकरीत कापडाचे अडीच इंची चौकोन कापून ते पुन्हा एकमेकांना जोडलेले. माझ्या आईने, वय ८६, चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, "धड कापड हुतं, मग कापलं कशापायी?"

"आजी, डिझाइन असतं ते."

"व्हय, पर फाटलं कुठं हुतं?"

यावर ओहायोकडून उत्तर आलं नाही. नेटवर्क गेलं असावं.

माझ्या डोक्यात मात्र चक्र सुरू झालं. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात त्याच आठवड्यात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या विषयावर व्याख्यान झालं होतं आणि चहाबरोबर बटाटेवडा असल्यामुळे मी ते शेवटपर्यंत ऐकलं होतं. घरात जुन्या चादरी आहेत, सौ.च्या माहेरून आलेलं पायाचं शिवणयंत्र आहे, वेळ तर इतका आहे की त्याचंच काहीतरी शिवावं. मी रात्री जेवताना जाहीर केलं, "जुन्या चादरींची एक गोधडी शिवतो."

"वाकळ म्हण," आई म्हणाली.

आमच्या घरात या वस्तूला दोन नावं आहेत. आई तासगावकडची, तिच्या लेखी ती वाकळ. सौ. नाशिकची, ती गोधडी म्हणते. आईच्या मते गोधडी ही दुकानात काचेमागे ठेवतात ती आणि वाकळ ही अंगावर घेतात ती. हा तंटा ३४ वर्षं चालू आहे. मी दोन्ही शब्द वापरतो. ज्या खोलीत असेन त्याप्रमाणे.

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी अंदाजपत्रक करायचं, ही सवय अंगात मुरलेली. गोधडी पाच फूट बाय सात फूट धरली, म्हणजे ३५ चौरस फूट. डबल बेडची चादर ९० इंच बाय १०८ इंच, म्हणजे साडेसदुसष्ट चौरस फूट. सिंगलची ६० बाय ९०, म्हणजे साडेसदतीस. सिंगल चादरीत एक थर आरामात बसतो, डबलमध्ये जोड दिले तर जवळजवळ दोन. तुलनेसाठी आईचं लुगडं मोजलं. नऊ वार लांबी, ४५ इंच पन्हा, एकूण १०१ चौरस फूट आणि वर पाव. म्हणजे एक नऊवारी बरोबर दीड डबल बेडशीट! खात्यात असताना माझं एकही गणित इतकं चोख सुटलं नव्हतं. मी धावत आईला सांगायला गेलो.

"म्हंजे मी जलमभर दीड चादर गुंडाळून रानात राबले व्हय रं?" आई म्हणाली.

मग टाक्यांचा हिशेब. ओळी अर्ध्या अर्ध्या इंचावर धरल्या तर ३५ चौरस फुटांत एकूण ८४० फूट शिवण होते, म्हणजे २५६ मीटर. इंचाला चार टाके धरले तर ४०,३२० टाके. आई उन्हाळ्यात, रानातली कामं कमी असताना, अशा दोन वाकळा हातावेगळ्या करायची. बसल्या जागी अर्धा किलोमीटर. आमच्या खात्यात एवढ्या लांबीची चारी खणली असती तर तीन वेळा भूमिपूजन झालं असतं. आईच्या कामाची नोंद कुठल्याही मोजमाप पुस्तकात नाही.

चादर या कापडाचा खरा फायदा पन्ह्यात आहे, हेही मला याच अंदाजपत्रकात उमगलं. जुने पलंगपोस आठवून बघा; दोन पट्टे मधोमध जोडलेले असायचे, कारण मागाची रुंदीच तेवढी. आमच्या सांगलीपासून तासाभरावर इचलकरंजी. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गावच खडखडायला लागलं. आता रुंद मागावरची चादर अखंड, बिनजोड येते. गोधडीच्या पाठीला असं बिनजोड कापड मिळणं म्हणजे चैन. जोड आला की तिथे शिवण जाड होते, सुई अडते आणि झोपणाऱ्याच्या पाठीखाली रात्रभर कुणीतरी दोरी ठेवल्यासारखं वाटतं.

अंदाजपत्रक मंजूर झालं, मंजूर करणारा मीच असल्यामुळे. मग मी सौ.कडे साहित्याची मागणी नोंदवली. "घरातल्या जुन्या चादरी काढ."

"जुनी कुठली?" सौ. म्हणाली.

मी कपाट उघडून एका विटलेल्या निळ्या चादरीकडे बोट दाखवलं.

"ती वाळवणाची."

"मग ही चौकड्यांची?"

"इस्त्रीची."

"ही पोपटी?"

"ती स्कूटरची."

"स्कूटरवर तर करडी आहे!"

"अहो, करडी फरशी पुसायला गेली की ही पोपटी स्कूटरवर येणार. आणि फरशीचं आत्ताचं फडकं फाटत आलंय, म्हणजे दिवाळीच्या आतच."

मी तिथेच पलंगावर बसलो. पाण्याच्या पाळ्या लावण्यात माझी हयात गेली, पण घरच्या कपाटात इतकी काटेकोर शेजपाळी चालू आहे याचा मला पत्ता नव्हता. मग सौ.ने सगळा कालवाच उलगडून दाखवला.

नवी चादर माथ्याला येते ती पाहुण्यांसाठी. पाहुणे चार-दोन वर्षं येऊन जाऊन चादर नरम झाली की ती आमच्या बिछान्यावर उतरते. तिथे रंग विटला की तिची बदली गच्चीवर, कुरडया आणि सांडगे वाळवायला. वाळवणाचे डाग जायचे थांबले की इस्त्रीच्या टेबलावर. इस्त्रीने दोन ठिकाणी करपली की स्कूटरवर. स्कूटरवर उन्हाने विरली की तिचे चार तुकडे होतात. एक फरशीला, एक सायकलीला, एक गॅसच्या शेगडीखाली आणि एक ‘असू दे’ म्हणून. शेवटी पायपुसणं. पायपुसण्याचाही एखादा धागा मी सौ.ला कढीपत्त्याच्या रोपाला काठी बांधायला वापरताना पाहिलं आहे. एखाद्या चादरीचं संपूर्ण सेवापुस्तक बघितलं तर माझ्यापेक्षा तिची नोकरी जास्त भरेल. पदोन्नती मात्र एकही नाही, सगळ्या पदावनत्या.

आता मी माथ्यावर बसून त्यातली एक चादर उचलली, तर काय होणार? पायथ्याला कोरड. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या टोकाच्या, शेतकऱ्यांचे मोर्चे मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलेले आहेत. ते स्वतःच्या स्वयंपाकघरातून निघालेले बघायची माझी तयारी नव्हती. आणि संघातल्या त्या व्याख्यात्यांची मला कीव आली. टाकाऊतून टिकाऊ करायचं तर आधी घरात काहीतरी टाकाऊ तयार व्हावं लागतं. आमच्या घरी ते कधी झालेलंच नाही.

बोहारणीलासुद्धा आमच्याकडून चादर गेलेली नाही. तशी तिलाही ती नकोच असते. एकदा मी हौसेने एक चादर पुढे केली, तर तिने ती उजेडात धरली, माझ्याकडे धरली आणि सौ.ला म्हणाली, "वहिनी, हे नगं. साडी काढा." त्या चादरीवर ती चहाचं गाळणंही द्यायला तयार झाली नाही.

राहता राहिला कपाटाचा वरचा कप्पा. तिथे आहेराच्या चादरी असतात. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चेनच्या पिशवीत, आत पुठ्ठा, दोन अभ्रे आणि एका गोऱ्या कुटुंबाचा त्याच चादरीवर बसून हसतानाचा फोटो. या चादरी अंथरण्यासाठी नसतात. पुढच्या लग्नात देण्यासाठी असतात. त्या नोटेसारख्या चलनात फिरतात, फरक इतकाच की नोट कधीतरी मळते. गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका चादरीच्या पुठ्ठ्यामागे एक कार्ड निघालं, ‘नवदांपत्यास अनेक शुभाशीर्वाद’. अक्षर माझंच होतं. कुठकुठल्या मांडवांतून हिंडून, एकदाही न उलगडता, चादर माहेरी आली होती. आणि पिशव्यांचं तर काय सांगावं! चादर गेली तरी पिशवी जात नाही. माझी पेन्शनची कागदपत्रं, घराची खरेदीखतं आणि मुलीची दहावीची गुणपत्रिका आज अशाच पिशव्यांत सुखरूप आहेत.

बऱ्याच वाटाघाटींनंतर सौ.ने मला तीन चादरी मंजूर केल्या. ज्यांना शेजपाळीत कुणीच हक्कदार नव्हता, अशा. हक्कदार का नव्हता, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

पहिली होती इलॅस्टिकवाली. मुलीने ऑनलाइन मागवून दिलेली, गादीला चारी बाजूंनी घट्ट बसणारी. गादीवर ती उत्तम बसते. गादीवरून काढल्यावर ती काय आहे हे कळत नाही. तिला कोपरे असतात पण कडा नसतात. ती घडी घालायला आम्ही दोघं एकदा समोरासमोर उभे राहिलो होतो. ती घडी अजून पुरी झालेली नाही. कापडाला सरळ कड नसेल तर मापायचं कुठून? गळणारा कालवा मी मोजलेला आहे, पण गोल होणाऱ्या चादरीपुढे टेप गुंडाळून ठेवला.

दुसरी होती भारी, ४०० थ्रेड काउंटची. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे, त्याचा आकडा. ४०० म्हटलं की माणसाला वाटतं, वा, काय दणकट कापड! गोधडीच्या दृष्टीने तोच अपराध. हाताने शिवायला सोपं सुती कापड साधारण १३० ते १५० धाग्यांचं असतं. सुईला धाग्यांच्या मधून वाट मिळते. ४०० धागे दाटीवाटीने बसले की सुईला संध्याकाळच्या लोकलमध्ये शिरल्यासारखं होतं. मी बोटात लोखंडी टोपी घालून तीन थरांतून सुई रेटली. सुई गेली नाही, टोपी मात्र गेली, पलंगाखाली. दुसऱ्या सुईचं टोक मोडलं. तिसरी आरपार गेली, पण चादरीच्या नव्हे.

तिसरी होती गुळगुळीत, जांभळी, मोठमोठ्या गुलाबांची. लेबलावर ‘ग्लेस कॉटन’ लिहिलेलं. नावात कॉटन असल्यामुळे माझा विश्वास बसला. मुलीला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर ती म्हणाली, "बाबा, एक धागा जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून गोळी होते."

मी चिमट्यात धागा धरून निरांजनाकडे निघालो.

"देवाच्या निरांजनावर?" सौ. आडवी आली.

मग मेणबत्ती लावली. धागा ज्योतीला लागायच्या आधीच मागे सरला, आखडला आणि त्याची काळी, कडक, मोहरीएवढी गोळी झाली. आईने गोळी नखाने टोकरली. "ही पांघरून माणूस निजला आन् चुकून ठिणगी पडली तर?" ती म्हणाली. पण मी आता अर्ध्या वाटेवर होतो. काम अर्धवट सोडायचं नाही, हीही खात्यातली सवय. फक्त तिथे त्याला जास्त वर्षं लागत.

सुई चालेना म्हणून मी यंत्राकडे वळलो. वर जांभळे गुलाब, खाली ४०० धागे आणि पोटात बाजारातून आणलेला कोरा मांजरपाट. यंत्राने आपलं काम केलं. म्हणजे वरचा थर पुढे ढकलला, खालचा मागे ठेवला आणि मधल्याच्या चुण्या पाडल्या. तरी पाच दिवसांत गोधडी उभी राहिली. उभी राहिली हे शब्दशः घ्यावं; ती इतकी ताठ होती की भिंतीला टेकवून ठेवता येत होती.

मग ती धुतली.

मांजरपाट आधी भिजवून घ्यायचा असतो, हे मला सगळ्यांनी धुतल्यानंतर सांगितलं. कोरं सुती कापड पहिल्या पाण्याला शेकडा तीन ते पाच आटतं. चार टक्के धरले तर सात फुटांत सव्वातीन इंचांहून थोडं जास्त. पॉलिस्टर आटत नाही, काही झालं तरी. म्हणजे पोट आखडलं आणि कातडं होतं तेवढंच राहिलं. दोरीवर वाळत घातलेली गोधडी बघून मला एकदम ओळखीचं वाटलं. डोंगर, दऱ्या, खिंडी, पाणलोट. हुबेहूब समतल रेषांचा नकाशा. एका गुलाबाखाली तर लघुपाटबंधाऱ्याला योग्य अशी जागा होती.

आई काठी टेकत आली. तिने दोरीवरच्या प्रकाराला एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "बाळ, ही वाकळ न्हवं. हे आजारी पडलंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पांघरूण नवंच होतं. पहाटे कधीतरी डोक्यात प्रकाश पडला आणि तो आमच्याच खात्याच्या दिव्याचा होता. पाणीवाटपाचं एक जुनं तत्त्व आहे, पायथा ते माथा. आधी कालव्याच्या टोकाच्या शेताला पाणी द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं. माथ्यावाल्यांनी आधी घेतलं तर टोकाला थेंब पोचत नाही. टोकाचं आधी भागवलं की सगळ्यांना मिळतं आणि भांडण होत नाही. मी माथ्यावर उभा राहून चादरी मागत होतो. पायथ्याला काय हवं, हे विचारलंच नव्हतं.

सकाळी उठून मी ती इलॅस्टिकवाली चादर घेऊन खाली गेलो आणि स्कूटरवर टाकली. चारी बाजूंनी इलॅस्टिकने चाकांखाली अशी मिठी मारली की जणू ती त्या वाहनासाठीच बेतली होती. वाऱ्याने उडत नाही, पावसाने सरकत नाही. गादीसाठी शोध लावणाऱ्या माणसाला स्कूटर माहीत नसावी, इतकाच त्याचा दोष. स्कूटरवरची करडी मोकळी झाली, ती फरशीला गेली. पोपटी दिवाळीपर्यंत थांबण्याऐवजी इस्त्रीला लागली. इस्त्रीची चौकड्यांची सुटली.

मग वाळवणाचा प्रश्न. दर एप्रिलमध्ये गच्चीवर निळ्या चादरीच्या चार कोपऱ्यांना चार विटा ठेवाव्या लागतात, तरी दुपारच्या वाऱ्यात एखादा कोपरा उलटून कुरडया शेजारच्या गच्चीत जातात आणि परत येताना कमी होऊन येतात. मी ती आजारी गोधडी गच्चीत पसरली. वजनामुळे ती जागची हलली नाही. सौ.ने नाक मुरडत तिच्यावर चार पळ्या सांडग्यांचं पीठ घातलं. संध्याकाळी सांडगे गुळगुळीत गुलाबांवरून बोट लावताच सुटले, कापडाला कण चिकटला नाही. पॉलिस्टरचा हा गुण लेबलावर का छापत नाहीत, कोण जाणे. सौ. काही बोलली नाही. तिने फक्त आत जाऊन निळी चादर आणली आणि माझ्या हातात दिली. ३४ वर्षांच्या संसारात मला इतकं मोठं प्रशस्तिपत्रक मिळालेलं नाही.

निळी चादर हे खरं कापड. १२-१३ वर्षांची, साधी सुती, शेकडो पाण्यांत आटायचं ते आटून झालेली. सुई लावली की लोण्यात गेल्यासारखी जाते. आईने ती खिडकीच्या उजेडात धरायला सांगितली. धरली, तर मधोमध दोन ठिकाणी कापड इतकं विरलेलं की पलीकडचं नारळाचं झाड दिसत होतं. ही दोन ठिकाणं म्हणजे आम्ही दोघं. कडेचं कापड मात्र जवळजवळ कोरं. रस्त्यावर चाकोऱ्या पडतात तशा संसाराच्या चाकोऱ्या.

"डावीकडचा खड्डा मोठा आहे," सौ. म्हणाली. डावीकडे मी झोपतो.

"हिला दंड घाल," आई म्हणाली.

माझ्या नोकरीत दंड म्हणजे मुदतीत काम न करणाऱ्या ठेकेदाराला लावायचा तो. आईचा दंड वेगळा. लुगडं मधे विरलं की ते तिथून कापायचं, विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड भाग एकमेकांना जोडून घ्यायचे. तिने अशी दंडाची लुगडी नेसून दोन मुलांची लग्नं केली. चादरीलाही तोच न्याय. निळी मधोमध कापली, विरलेला पट्टा काढला, काठाकडचं दणकट कापड आत आणलं. आता जोड आला, पण तो पोटात गेला. वर आणि खाली आईची दोन लुगडी आली. चादरीची जागा गोधडीच्या पोटात आहे, तोंडावर नव्हे, हा या सगळ्या खटाटोपातला एक मोलाचा निष्कर्ष. जुनी सुती चादर आत घातली की ऊब येते, वजन येतं आणि तिच्यावरची छापील फुलं कुणाला दिसत नाहीत.

शिवायचं कसं, हेही नव्याने शिकलो. मी थर मांडीवर घेऊन बसलो तर आईने काठीने माझा गुडघा हलवला. वाकळ मांडीवर घ्यायची नसते, तिच्यावर बसायचं असतं. फरशीवर सगळे थर ताणून अंथरायचे, मोठे मोठे कच्चे टाके घालायचे आणि मग कडेकडून आत शिवत यायचं. आपल्याच वजनाने कापड जागेवर राहतं. शिवणयंत्राला जे जमलं नाही ते माणसाच्या बैठकीला जमतं.

शिवता शिवता ओहायोशी बोलणं चालायचं. मुलीने एकदा आजीला सांगितलं की अमेरिकेत अलाबामा राज्यात ‘जीज बेंड’ नावाचं एक छोटं खेडं आहे. तिथल्या गरीब काळ्या बायका घरातल्या फाटक्या विजारी आणि कामाचे कपडे फाडून गोधड्या शिवत आल्या. २००२ साली त्या गोधड्या मोठ्या संग्रहालयांत लागल्या, ह्यूस्टनला, मग न्यूयॉर्कला, आणि २००६ साली त्यांच्यावर अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकिटंही काढली.

"भितीवर टांगल्या?" आईने विचारलं.

"हो आजी, भिंतीवर."

"मग त्या बाया आता पांघरत्यात काय?"

याही प्रश्नाला नेटवर्क पुरलं नाही. पण थोड्या वेळाने आई आपणहून म्हणाली, "विजारीचं कापड चांगलं. गुडघा सोडून घ्यायचं." हजारो मैलांवरच्या, कधी न भेटलेल्या बायांशी तिचं तांत्रिक मतैक्य झालं होतं.

काम ४७ दिवस चाललं. आईने शेवटी सगळ्या गोधडीवरून तळवा फिरवला आणि एका जागी थांबून अंगठ्याने इंच मोजला. "दोनच टाके," ती म्हणाली. म्हणजे ४०,३२० च्या जागी २०,१६०. निम्मं काम, आणि तेही मुदतीनंतर. ठेकेदार असतो तर बिल अडलं असतं. पण त्या रात्री तिने ती पांघरली आणि सकाळी परत केली नाही, तेव्हा पूर्णत्वाचा दाखला मिळाला असं मी समजतो.

वाचकांपैकी कुणाला घरच्या चादरींची गोधडी करावीशी वाटली, तर माझा अनुभव हाताशी असू द्या. धागा जाळून बघा. गोळी झाली तर ती चादर वाळवणाला द्या. थ्रेड काउंटच्या आकड्याला भुलू नका. नवं सुती कापड आधी भिजवा. जुनी चादर उजेडात धरा आणि मधलं सोडून काठाकडचं घ्या. आणि कपाटाला हात लावण्याआधी खाली जाऊन स्कूटर झाका.